यादीतल्या अकरा विहिरी

आर्डिस स्कोगेनचं अक्षर पाहिलं की वाटायचं, ही बाई आयुष्यात खोटं बोलली नसेल. सव्वीस वर्षं ती टाउनची कारकून होती. कुत्र्यांचे परवाने, रस्त्यावरचा बर्फ काढायच्या पाळ्या, निवडणुकीच्या मतपत्रिका आणि दर महिन्याच्या सभेचं इतिवृत्त, सगळं तिच्याकडे. सभेत कुणी शिंकलं तर आर्डिस तेही लिहील, असं लोक म्हणत. एकदा मर्लिन ऑप्सेथ रस्त्याच्या खड्ड्यांवरून भर सभेत जे काही बोलला, ते तिनं शब्दन् शब्द उतरवून पुढच्या सभेत वाचून दाखवलं. मर्लिनची बायको सभा संपेपर्यंत जमिनीकडे बघत बसली होती.

"बोललेलं लिहायचं. बरं-वाईट ठरवणं हे कारकुनाचं काम नाही," असं ती म्हणायची. या वाक्याचा तिला अभिमान होता. तोच पुढे तिच्या अंगलट आला.

पश्चिम विस्कॉन्सिनमधल्या त्यांच्या कूली रोडवर अकरा घरं. सगळी नॉर्वेहून आलेल्यांची, सगळी गायीगुरांची, आणि सगळ्यांचं पाणी आपापल्या विहिरीचं. विहीर म्हणजे अंगणात जमिनीतून वर आलेली एक लोखंडी नळी, तळघरात पंप. आज्यांच्या काळात चाळीस-पन्नास फुटांवर पाणी लागलं की खोदणं थांबायचं, आणि नळी कुठे घालायची तर गोठ्याजवळ, म्हणजे गायींना पाणी द्यायला सोपं. त्या गोठ्यांचं शेण गेली साठ वर्षं तिथेच मुरत होतं. कुठे मुरत होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि बोलत कुणी नव्हतं. कॉफीसाठी मात्र प्रत्येक घरची बाई रविवारी चर्चच्या तळघरातल्या नळावरून दोन कॅन भरून आणायची. चर्चची विहीर खडकात तीनशे फूट खोल, पाणी गोड. विचारलं तर सांगायच्या, "चर्चच्या पाण्यात आपली अंडं फोडून उकळायची नॉर्वेची कॉफी कशी सोनेरी उतरते!" आपल्या पाण्यात ती का उतरत नाही, हे कुणी विचारायचं नाही. आपलं ठेवायचं झाकून, ही तिथली जुनी रीत. दुसऱ्याचं वाकून पाहायचं तर पडदा सारून, म्हणजे तेही सभ्यपणे.

मग रस्त्याच्या टोकाची टेकडी वाळूच्या कंपनीनं विकत घेतली. टेकडीच्या पोटात गोल दाण्याची वाळू होती, दूर कुठे तेलाच्या विहिरींत कोंबायला लागते ती. टेकडी कापायची, वाळू धुवायची, आणि धुवायला मिनिटाला शेकडो गॅलन पाणी उपसायचं. टेकडीला सगळ्यांत जवळचं घर आर्डिस आणि तिचा नवरा ऑर्व्हल यांचं. त्याच्या पुढे लाव्होन हॉगस्टाडचं, त्याच्या पुढे मर्लिनचं, आणि मग बाकीची.

आर्डिस घाबरून बसली नाही. दोन हिवाळे ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आजूबाजूच्या टाउनांचे नियम वाचत राहिली, वकील जांभया द्यायला लागेपर्यंत त्याला प्रश्न विचारत राहिली, आणि शेवटी खाणीसाठीचा नियम तयार केला. तो असा. खाण सुरू व्हायच्या आधी अर्ध्या मैलातल्या प्रत्येक विहिरीचं पाणी कंपनीच्या खर्चानं तपासायचं. तपासलेल्या विहिरींची यादी करायची. यादीतल्या कुठल्याही विहिरीपासून हजार फुटांच्या आत कंपनीनं फावडं लावायचं नाही. पुढे पाणी बिघडलं तर पहिल्या तपासणीशी ताडून पाहायचं, आणि फरक दिसला तर कंपनीनं नवीन खोल विहीर खणून द्यायची.

एवढ्यावर मर्लिननं खोडा घातला. "एखाद्या येड्यानं तपासणीच करू दिली नाही तर? त्याच्या एकट्यापायी सगळ्यांचं अडायचं का?" मर्लिनला कंपनीला जमीन भाड्यानं द्यायची होती, त्याचं खरं दुखणं हे. पण मुद्दा रास्त होता. म्हणून आर्डिसनं शेवटचं कलम घातलं: एखाद्या घरानं तपासणी टाळली किंवा खोटी दिली, तर त्या घराचं नाव यादीतून कमी. निम्म्याहून जास्त घरांची तपासणी खोटी निघाली, तर मात्र कंपनीचा परवानाच रद्द.

नियम मंजूर झाला तेव्हा अध्यक्ष गेलार्ड नेस्टिंगेननं तिच्या खांद्यावर थोपटलं. शाळेत दोघं एका बाकावर होते. "आर्डिस, तू नसतीस तर आम्ही काय केलं असतं गं," तो म्हणाला. त्याचा जावई तेव्हाच कंपनीत डंपर चालवण्याचा अर्ज भरून बसला होता.

एप्रिलमध्ये बाटल्या आल्या. प्रयोगशाळेचा माणूस घरात शिरून नळाखाली बाटली धरणार होता, पण ते कुणालाच नको होतं. परक्या माणसाला तळघर दाखवायचं? तिथली अडगळ, वाळत घातलेले कपडे? इथे लोक रस्त्याकडेला अंडी ठेवतात आणि शेजारी एक उघडा डबा, पैसे ज्यानं त्यानं टाकायचे. तेव्हा सभेत ठरलं, बाटल्या ओसरीवर ठेवा, ज्याची त्यानं भरावी, चिठ्ठीवर सही करावी, दुपारी गाडी येऊन घेऊन जाईल. माणसावर विश्वास ठेवायचा, दुसरं काय.

आर्डिसनं बाटली स्वयंपाकघरातल्या नळाखाली धरली. पाणी पडायला लागलं आणि तिच्या डोळ्यांसमोर तो कागद आला. या पाण्यात काय निघेल ते टंकलेल्या आकड्यांत टाउन हॉलच्या फळ्यावर लागणार. *स्कोगेन.* पुढे शेणाचा आकडा. दूध घेणाऱ्या डेअरीचा निरीक्षक तो वाचणार. लाव्होन वाचणार, आणि काही बोलणार नाही, नुसती "अरेरे" असा चेहरा करणार. आर्डिसनं बाटली ओतून टाकली, पुसली, आणि चर्चची किल्ली घेतली. चर्चच्या स्वयंपाकघराची किल्ली तिच्याकडेच असायची.

तळघरात लाव्होन आधीच नळाशी उभी होती. हातात तसलीच बाटली.

लाव्होन म्हणाली, "कॉफीचे कॅन धुवायला आले होते."

"हो का," आर्डिस म्हणाली. "मी पण."

कॅन दोघींच्याही हातात नव्हते. लाव्होननं बाटली भरली, बाजूला झाली, आर्डिसनं भरली. वर जाताना जिन्यात मर्लिनची बायको भेटली, हात पर्समध्ये घालून. नियम जिनं लिहिला तिनंच तो पहिल्या दिवशी मोडला, कुंपणानंच शेत खाल्लं. आणि सांगायला वाईट वाटतं, त्या दिवशी घरी परतताना आर्डिसला लाज वाटली नाही. हलकं वाटलं. सगळ्याच जणी करताहेत म्हटल्यावर पाप वाटून जातं, आणि वाटून गेलेलं पाप माणसाला प्रसादासारखं लागतं.

तपासणी आली. अकराही विहिरी स्वच्छ, शेणाचा अंश नाही. फळ्यावर कागद लागला, लोक येऊन आपापली ओळ वाचून गेले. शेजाऱ्याची ओळ प्रत्येकानं वाचली, आणि प्रत्येकाला कळलं. अळीमिळी गुपचिळी.

तीन वर्षांत टेकडी निम्मी संपली. त्या उन्हाळ्यात आर्डिसच्या नळाला पहिल्यांदा गढूळ लाल पाणी आलं. मग लाव्होनच्या. मग रस्त्यानं खाली एकेक घर करत सगळ्यांच्या. पाण्याची पातळी उतरली होती, पंप तळाचा गाळ ओढत होते. पांढऱ्या चादरी धुतल्या की गंजलेल्या निघत. ऑर्व्हलच्या अडतीस गायींपैकी निम्म्या पाण्याला तोंड लावीनात. ऑर्व्हल मुळात दिवसाकाठी दहा वाक्यं बोलणारा माणूस. गोठ्यातून आला आणि म्हणाला, "वासरं मरतील." बस.

अकराही घरांनी तक्रार केली. कंपनीनं पुन्हा बाटल्या पाठवल्या, या खेपेला मात्र माणूस तळघरात शिरला. आता नळाचं खरं पाणी गेलं, आणि खरं पाणी म्हणजे गाळ अधिक शेण. कंपनीचं उत्तर महिन्याभरात आलं, फार अदबीनं लिहिलेलं. आधीच्या तपासणीत शेणाचा अंश नव्हता, आता आहे. वाळू धुण्यानं शेण तयार होत नाही, ते गायीच करतात. शिवाय अकराही विहिरींचे पहिले आकडे दशांशापर्यंत सारखे आहेत, म्हणजे जमिनीखालचं पाणी एकच आणि निर्मळ आहे. तेव्हा दोष तुमच्या जुन्या नळ्यांचा आणि गोठ्यांचा. कळावे.

आर्डिसनं ते पत्र तीनदा वाचलं. कंपनीला सगळं कळलं होतं. अकरा घरी एकच पाणी दशांशापर्यंत कसं असेल, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. पण ती लबाडी उघडी पाडायची त्यांना गरजच नव्हती. ती त्यांच्या कामाची होती.

आणि मग तिला शेवटचं कलम आठवलं. निम्म्याहून जास्त तपासण्या खोट्या निघाल्या तर परवाना रद्द. अकरापैकी सहा. सहा जणांनी उभं राहून सांगायचं की बाटली चर्चमध्ये भरली, की कंपनीचे पंप बंद. तिच्याच हातानं लिहिलेलं कलम.

"सांगू का?" तिनं ऑर्व्हलला विचारलं. "निरीक्षक येईल. इतकी वर्षं असल्या पाण्यानं भांडी धुतली म्हणून डेअरी महिना-दोन महिने दूध घेणार नाही."

ऑर्व्हलनं बूट काढले, मोजे काढले. "पाणी आपलं, शेण आपलं," तो म्हणाला. "सांगून टाक."

ती घरोघर गेली. लाव्होननं तिला मिठीच मारली. "अगं, किती दिवस छातीवर दगड होता! तू उभी राहा, मी तुझ्या मागोमाग उठते."

मर्लिननं हनुवटी खाजवली. "म्हणजे मला लोकांपुढं म्हणायचंय की माझं पाणी आधीपासून घाण होतं?"

"होतंच की मर्लिन."

"होतं ते होतं गं. म्हणायचं म्हणजे…" पण शेवटी तोही "बरं, येतो" म्हणाला. वहीत आर्डिसनं मोजलं: ती धरून आठ. सहा पुरेत, दोन जास्तीचे.

तक्रारींची सुनावणी शनिवारी सकाळी दहाला होती, धारा काढून झाल्यावर. टाउन हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. कंपनीचा वकील कीथ ड्रमंड सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता, आणि डोनटची खोकी त्यानंच आणली होती. लोक आत येत, एक डोनट उचलत, थँक्यू म्हणत आणि बसत. ड्रमंड प्रत्येकाशी हात मिळवत होता आणि हात मिळवताना सहज, हवापाण्याच्या गप्पा मारल्यासारखं, एक वाक्य सोडत होता. आर्डिस टेबलाशी वही उघडून बसली होती, ते वाक्य चौथ्यांदा ऐकू आलं तेव्हा तिला त्याचा अर्थ लागला.

"त्या चिठ्ठ्यांवर तुमच्या सह्या आहेत बरं का. शपथेवरच्या. फार जपून बोला, एवढंच म्हणतो. पोरं कशी आहेत?"

गेलार्डनं हातोडा आपटला. ड्रमंडनं आकडे वाचून दाखवले, अकरा घरं, अकरा ओळी, सगळ्या एकसारख्या. "असं सुंदर एकजीव पाणी मी उभ्या राज्यात पाहिलं नाही," तो म्हणाला. दोघं-तिघं हसलेसुद्धा. आपल्याच फजितीवर हसायची यांची जुनी सवय, तिला ते सभ्यता म्हणतात.

"कुणाला काही बोलायचंय?" गेलार्डनं विचारलं.

आर्डिस उभी राहिली. कारकुनानं सभेत बोलायची रीत नव्हती, सव्वीस वर्षांत ती बोलली नव्हती. "मी माझी बाटली घरी भरली नाही," ती म्हणाली. "चर्चच्या तळघरात भरली. माझ्या विहिरीत शेण आहे, पहिल्यापासून आहे, आणि ते कागदावर यायची मला लाज वाटली. माझी तपासणी खोटी आहे. त्या दिवशी त्या नळाशी मी एकटी नव्हते. बाकीच्यांनी आपापलं सांगावं."

ती लाव्होनकडे बघत होती. लाव्होन आपल्या मांडीवरचा साखरेचा चुरा बोटानं टिपत होती, एकेक कण. मर्लिन छताकडे बघत होता.

"इतिवृत्तासाठी," ड्रमंड हळूच म्हणाला, "प्रत्येक घराला विचारून घेतलेलं बरं. नाही का, अध्यक्ष?"

गेलार्डनं यादी उचलली. आर्डिसला खाली बसून पेन हातात घ्यावं लागलं, लिहायचं काम तिचंच होतं.

"हॉगस्टाड?"

लाव्होन उठली. आर्डिस तिच्याकडे बघत राहिली. एवढी जवळ होती की तिच्या ओठाच्या कडेची साखर दिसत होती. "घरच्या नळाचं," लाव्होन म्हणाली. "आमचं पाणी नेहमीच स्वच्छ होतं. खाणीनंच घाण केलं."

"ऑप्सेथ?"

"घरचं," मर्लिन म्हणाला. "शेण बाहेरून आलंय. आमचं नाही."

आर्डिस लिहीत गेली. घरचं. घरचं. घरचं. जिनं जिन्यात पर्समध्ये हात घातला होता ती नवऱ्याशेजारी मान डोलवत होती. एक म्हातारी तर म्हणाली, "आर्डिसला हल्ली बरं नसतं, तिला बोलू नका काही." कणव दाखवली तिनं. त्या खोलीतली सगळ्यांत घाण गोष्ट ती कणव होती. दहा नावं झाली. दहा वेळा *घरचं*, आणि अक्षर कुठे हललं नाही. हलावं असं तिला फार वाटत होतं. तिला किळस येत होती, त्यांची आणि त्याहून जास्त स्वतःची. या लोकांना झाकायला शिकवलं कुणी? नळाशी "मी पण" म्हणाली होती तीच.

"एक खोटी, दहा खऱ्या," गेलार्ड म्हणाला. त्यानं तिच्याकडे बघायचं टाळलं. "निम्म्याहून जास्त होत नाहीत. परवाना कायम. आणि… कलमाप्रमाणे… ते काय आहे गं आर्डिस, वाच जरा."

तिनं वाचलं. "एखाद्या घरानं तपासणी टाळली किंवा खोटी दिली, तर त्या घराचं नाव यादीतून कमी."

"हं. तर तसं कर."

तिनं पट्टी घेतली, यादीतल्या पहिल्या नावावर ठेवली आणि *स्कोगेन* वर सरळ रेघ मारली. मग शेजारी तारीख घातली आणि सही केली, कारण खाडाखोडीवर सही करायची असते.

सोमवारी सकाळी भूमापक आले. हजार फुटांची हद्द आता स्कोगेनांच्या विहिरीपासून मोजायची नव्हती. कंपनीची जमीन त्यांच्या कुंपणाला भिडलेली होती, आणि कुंपणापासून राज्याच्या नियमानं लागतात ते पन्नास फूट सोडले की झालं. नारिंगी फिती लावलेले खुंटे गोठ्यामागून ओळीनं ठोकत नेले. ऑर्व्हल दारात उभा राहून बघत होता. दुपारी त्यानं गायी विकणाऱ्या दलालाला फोन केला, तिला न विचारता.

बुधवारी लाव्होन आली. हातात फॉइल लावलेला ट्रे, खजुराच्या वड्या. कुणाकडे मयत झाली, कुणाचं घर जळलं, कुणाला मूल झालं, की ती हा ट्रे घेऊन येते. दारातच तिचे डोळे भरले.

"आर्डिस, तू समजून घे गं. डेअरीनं दूध बंद केलं असतं. आमच्या पोराचं, डेनिसचं, कर्ज आहे, तुला माहितीये. मी त्या दिवशी रात्रभर रडले."

आर्डिस जाळीच्या दाराआड उभी होती. तिनं दार उघडलं नाही. पलीकडे खुंट्यांची ओळ तिच्या गोठ्यामागून जाऊन लाव्होनच्या कुरणाकडे वळली होती, आणि तिथे एका जागी नीट थांबली होती.

लाव्होननंही तिकडे पाहिलं. "आमच्याकडं मोजून गेले काल," ती डोळे पुसत म्हणाली. "भली माणसं आहेत. बरोबर हजार फूट सोडलेत बघ, एक इंच कमी नाही. तुझा नियम पक्का आहे हं. सगळेजण तुझी आठवण काढताहेत."

आर्डिसनं आतलं लाकडी दार लावून घेतलं. लाव्होन ट्रे पायरीवर ठेवून निघून गेली.